जाहिरात कापणारा वाचक : परळच्या एका वाचनालयातलं प्रकरण

परळ-लालबाग पट्ट्यातल्या एका शासनमान्य वाचनालयात घडलेली ही हकिगत. ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या चर्चेसाठी ती लिहून काढावी, असं तिथल्या ग्रंथपालबाईंनी सुचवलं. मी तिथला जुना सभासद, कार्यकारी मंडळावर नाही. त्यामुळे कुणाची बाजू सांभाळायची नाही, पण मतं आहेत आणि ती लपवलेली नाहीत. ज्यांच्याबद्दल हे आहे त्या गृहस्थांची ओळख पटू नये म्हणून वय, हुद्दा आणि काही बारीक तपशील बदलले आहेत. मजकूर त्यांना वाचायला दिला होता. एक परिच्छेद काढा म्हणाले, तो काढला.

वाचनालय आणि त्याच्या वेळा

इमारत जुनी, वाचनालय पहिल्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान आणि पोळीभाजी केंद्र. जिना चढून आलं की समोरच वृत्तपत्र विभाग. तिरक्या फळ्यांवर मराठी दैनिकं, दोन इंग्रजी, एक गुजराती आणि आठवड्याचा ‘रोजगार समाचार’. इथे बसायला वर्गणी लागत नाही. आत देवघेवीचं काउंटर, पुस्तकांची कपाटं आणि उजव्या हाताला अभ्यासिका.

वृत्तपत्र विभाग सकाळी ८ ते १२ आणि दुपारी ४ ते रात्री ८ उघडा असायचा. मधले चार तास कुलूप. मुंबईतल्या बऱ्याच वाचनालयांचा दिवस असा दोन तुकड्यांत असतो. कामावर जाण्याआधी आणि कामावरून आल्यावर वाचणाऱ्या माणसाच्या सोयीने तो आखलेला आहे. ज्याला दुपारी जायला कामच उरलेलं नाही, तो या वेळापत्रकात कुठे धरलेलाच नाही.

अभ्यासिका मात्र सकाळी ७ ते रात्री ११. तिचं कारण आसपासच्या वस्तीत आहे. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात पाच-सहा माणसं, टीव्ही आणि येणारे-जाणारे. तिथल्या मुलाला एमपीएससीचा किंवा पोलीस भरतीचा अभ्यास करायचा तर तो वाचनालयात येऊनच करणार. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले, खुल्या प्रवर्गाला फी होती १,००० रुपये. अशा परीक्षांची प्रवेशपत्रं हातात घेऊन इथली मुलं पहाटे निघायची. म्हणजे नोकरी शोधणारा माणूस या वाचनालयाला नवा नव्हता, पण त्याच्या ओळखीचा होता तो पंचविशीतला. नियमही त्याच्याच मापाचे होते : कॉलेजचं ओळखपत्र किंवा परीक्षेचं प्रवेशपत्र दाखवा आणि महिन्याचे ३०० रुपये भरा.

ब्लेड

पावसाळा सुरू होता होता तक्रारी यायला लागल्या. दैनिकाच्या आतल्या पानावर एक चौकोन कापलेला, आणि पाठीमागचं शब्दकोडं त्याच्याबरोबर गेलेलं. शब्दकोडं जाणं हा आमच्या ज्येष्ठ सभासदांच्या लेखी किरकोळ गुन्हा नाही. शिपायाने लक्ष ठेवलं आणि माणूस दिसला. पंचेचाळिशी ओलांडलेले, इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, खांद्याला ऑफिसची बॅग, बॅगेत डबा. रोज सव्वाआठला यायचे, बाराला कुलूप लागेपर्यंत बसायचे, चारला पुन्हा हजर व्हायचे आणि सहाच्या सुमारास घड्याळ पाहून निघायचे.

कार्यवाहांचं म्हणणं सरळ होतं. बोलावून समज द्या, दंड घ्या, पुन्हा दिसले तर प्रवेश बंद. नियमावलीत तसं लिहिलेलंही आहे. ग्रंथपालबाईंनी थोडे दिवस मागून घेतले आणि शिपायाला एकच गोष्ट बघायला सांगितली : कापलेलं काय असतं? दरवेळी नोकरीची जाहिरात निघाली. डिस्पॅच, बिलिंग, स्टोअर्स.

मग वृत्तपत्रांच्या फळीशेजारी एक खोका आला, त्यात कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली. वर पाटी : ‘कालच्या अंकातलं हवं ते कात्रण काउंटरवर मागा, कापून मिळेल.’ रद्दी महिनाअखेर विकतात, तिचे पैसे हिशेबात दाखवावे लागतात, म्हणून कार्यवाहांनी भुवया उंचावल्या. “चौकोन गेल्याने रद्दीचं वजन किती कमी होणार?” असं बाईंनी त्यांना विचारलं. पहिलं कात्रण मागितलं पाककृती जमवणाऱ्या एका आजींनी. काही दिवसांनी हे गृहस्थही काउंटरवर आले. ब्लेडचा विषय कुणी काढला नाही आणि पुढेही तो कधी निघाला नाही.

कार्यवाह अजूनही म्हणतात की आपण चुकलो हे त्या माणसाला कळायला हवं होतं. मला हे पटत नाही. एक डोळा दारावर ठेवून खिशातल्या ब्लेडने जाहिरात कापणाऱ्याला आपण काय करतोय हे चांगलं माहीत असतं. त्याला ते पुन्हा सांगितल्याने वर्तमानपत्र शाबूत राहिलं असतं आणि वाचक गेला असता.

“दुपारी इथे बसता येतं का?”

कात्रण घेता घेता एकदा त्यांनी विचारलं, “मॅडम, दुपारी इथे बसता येतं का कुठे?”

काउंटरवर बसणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं की वाचक पहिल्यांदा जे विचारतो ते त्याला हवं असलेलं सगळं नसतं. तो लहान, निरुपद्रवी प्रश्न पुढे करून बघतो. त्याला उत्तर कसं मिळतं त्यावर दुसरा प्रश्न यायचा की नाही ते ठरतं. ‘का?’ विचारलं की बहुतेकदा संभाषण तिथेच संपतं.

बाईंनी ‘का’ विचारलं नाही.

“अभ्यासिकेत बसा ना. दुपारी जागा असते.”

“पण मी विद्यार्थी नाही.”

“वाचायला येता की नाही? मग झालं.”

फॉर्म भरला, ओळखपत्राच्या रकान्यात रेघ ओढली. त्यांनी पाकिटातून ३०० रुपये काढून दिले आणि बाईंनी ते घेतले. यावर नंतर मंडळात बरीच चर्चा झाली. परिस्थिती दिसत होती तर फी माफ का केली नाही, असं एकाने विचारलं. बाईंचं उत्तर असं की माफ करते म्हटलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी आलेच नसते. पैसे भरलेल्या खुर्चीवर माणूस ताठ बसतो. पुढे कुणाला खरोखरच जड जात असेल तर महिना संपताना पावती पुस्तक पुढे करायचं नाही, इतकं साधं त्यांनी ठरवून टाकलं. नियमात ते अजूनही लिहिलेलं नाही आणि लिहू नये असं माझं मत आहे.

ग्रंथालयशास्त्राचे जाणकार एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतलं चौथं सांगतं की वाचकाचा वेळ वाचवा. इथे समोर उभा होता तो वाचक वेळच फार झालेला. अभ्यासिकेत येण्याआधी दुपारचे चार तास ते करी रोडच्या फलाटावर काढत. नोकरी असताना काढलेला डोंबिवलीचा तिमाही पास अजून चालू होता.

बाकीचं हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी कळलं, तेही त्यांनी आपणहून सांगितलं म्हणून. एकोणीस वर्षं एका कंपनीच्या डिस्पॅच-बिलिंगमध्ये होते. गोदाम भिवंडीला हललं, बिलिंग नव्या सॉफ्टवेअरवर गेलं आणि मार्चअखेरीस त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला. मुलगी बारावीला होती. घरी सांगितलेलं नव्हतं. सकाळची लोकल, डबा, इस्त्रीचा शर्ट हे सगळं चालू होतं.

या वयाच्या माणसासाठी आपल्याकडे योजना नाहीत म्हटलं तरी चालेल. एमपीएससीची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना १८ ते ३५ वयोगटाची. ज्येष्ठ नागरिक व्हायला अजून दीड दशक बाकी. वय न विचारता आत घेणारं ठिकाण म्हणून वाचनालय उरतं, आणि आमच्या अभ्यासिकेचा नियम तर तेही नाकारत होता.

राजीनामा दिला म्हणजे पैसे गेले का?

एकदा बोलता बोलता ते म्हणाले, “राजीनामा दिला, ग्रॅच्युइटी काही मिळायची नाही आता.” ऑफिसात कुणीतरी तसं सांगितलं होतं आणि त्यांनी ते मान्य करून टाकलं होतं.

बाईंनी संदर्भ विभागातलं कामगार कायद्यावरचं मराठी पुस्तक आणलं, पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं आणि त्या काउंटरवर परत गेल्या. सलग पाच वर्षं नोकरी झालेल्या माणसाने राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. तेव्हाच्या नियमाप्रमाणे शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज घ्यायची, १५ ने गुणून २६ ने भागायची, आणि आलेल्या आकड्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. त्यांची बेरीज होती १४,०००. एकोणीस वर्षांचे होतात १,५३,४६१ रुपये. देय झाल्यापासून ३० दिवसांत मालकाने ते द्यायचे असतात, उशीर केला तर व्याजासह मागता येतात. आयुष्यभर बिलं केलेल्या त्या माणसाने चिठ्ठीवर तोच गुणाकार पुन्हा पुन्हा केला. उत्तर अर्थातच दरवेळी तेच आलं.

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही दुपार. खांद्यावर हात ठेवणं सोपं असतं. त्या माणसाला त्या क्षणी हवं होतं ते नेमकं पान, आणि ते वाचताना कुणी बघत नसणं.

बाईंनी स्वतः अर्ज लिहून दिला नाही. वाचनालयाने माहिती द्यावी, कायद्याचा सल्ला देऊ नये, ही रेघ त्यांनी पाळली. सभासदांपैकी एक निवृत्त गृहस्थ पूर्वी गिरणीत कारकून होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाख कामगारांची जी फरफट झाली ती त्यांनी जवळून पाहिली. न वाचता सह्या केलेल्या कागदांची किंमत काय पडते हे त्यांना कुणी सांगायला नको. त्यांनी अर्जाचा नमुना समजावला, पोचपावतीशिवाय कागद देऊ नका म्हणून बजावलं, आणि कंपनीने दाद दिली नाही तर वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन किंवा मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक, असे दोन रस्ते दाखवले.

पीएफचं गाडं मात्र वेगळ्याच जागी अडलं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर कंपनीच्या सिमचा होता आणि सिम कंपनीने परत घेतलं होतं. ओटीपी तिकडे जायचा. ईमेलही कंपनीचाच. नोकरी गेली की माणसाचा फोन नंबर आणि पत्ताही असा एका दिवसात जातो, हे आम्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आधार केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन नंबर बदलणं, मग नवा ईमेल आणि मग पुढचं सगळं, असा क्रम लावावा लागला. आता मदतीला येणाऱ्या कुणालाही पहिला प्रश्न तोच असतो : “आधारला जोडलेला नंबर तुमच्याकडेच आहे ना?”

या सगळ्याचा एक छापील कागद वाचनालयाने केला. त्यावर वर तारीख असते आणि खाली ‘या तारखेनंतर खात्री करा’ अशी ओळ. तो आग्रह बाईंचा, आणि तो बरोबर ठरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफ काढण्याच्या नियमांत बदल जाहीर झाले, २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता लागू झाल्या. आधीचा कागद त्यामुळे जुना झाला. भिंतीला चिकटवलेली जुनी माहिती न दिलेल्या माहितीपेक्षा वाईट.

संगणक

वाचनालयात वाचकांसाठी एकच संगणक, आणि त्याचा पडदा सगळ्या खोलीकडे तोंड करून. बाईंनी टेबल फिरवलं. मग त्यांनी डाउनलोडचं फोल्डर उघडून पाहिलं. त्यात शेकडो लोकांची आधार कार्डं, पॅन कार्डं, गुणपत्रिका, जातीचे दाखले. कुणाचं तरी व्हॉट्सॲप उघडंच राहिलेलं. नोकरीचा अर्ज भरताना माणूस आपलं सगळं आयुष्य स्कॅन करतो आणि घाईत तिथेच ठेवून जातो. अभ्यासिकेतल्या एका मुलाने वेगळं खातं तयार करून दिलं, बाहेर पडलं की त्यातलं सगळं पुसलं जातं. अर्ध्या तासाची मर्यादा एक तासावर गेली. फोटो पन्नास केबीच्या आत आणि सही वीस केबीच्या आत बसवण्यातच अर्धा तास जातो, हे ज्याने कधी अर्ज भरलाय त्याला सांगायला नको.

टेबल, फित आणि फोटो

चार-पाच जणांना अशी मदत होतेय हे मंडळाच्या कानावर गेलं आणि मंडळाला उत्साह आला. उत्साह खरा होता, हे नोंदवलं पाहिजे. वृत्तपत्र विभागाच्या दर्शनी भागात एक टेबल मांडलं, वर ‘नोकरी मार्गदर्शन कक्ष’ असा फ्लेक्स. नारळ, फित, स्थानिक पुढारी, पेढे. फोटो संध्याकाळपर्यंत विभागातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरले.

त्यातल्या एका फोटोत, पाहुण्यांच्या खांद्यामागे, खिडकीपाशी बसलेले हे गृहस्थ स्पष्ट दिसत होते. त्यांची सासुरवाडी लालबागची.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. नंतरही नाहीत.

टेबलाचं काय झालं तेही सांगून टाकतो. पहिल्या महिन्यात तिथे एक जण पासपोर्ट कार्यालयाचा पत्ता विचारायला आला आणि एक विम्याची पॉलिसी विकायला. नोकरी शोधणारं कुणी बसलं नाही. चाळीत, वस्तीत सगळे एकमेकांना ओळखतात. अशा ठिकाणी फ्लेक्सखालच्या खुर्चीत बसणं म्हणजे जे घरी सांगता आलं नाही ते जिन्यावरून येणाऱ्या प्रत्येकाला सांगणं.

त्यांना फोन करावा का, यावर मतं पडली. अभ्यासिकेच्या फॉर्मवर नवा नंबर होता. एका सदस्यांना वाटत होतं की घरी जाऊन भेटावं, माणूस काही बरंवाईट करून घेईल. ती भीती अगदीच निराधार नव्हती. पण वाचनालयाचा माणूस डोंबिवलीत दारात उभा राहणं म्हणजे काय, याचा विचार बाईंनी केला. जीएसटीवरचं एक मराठी पुस्तक त्यांनी पूर्वी मागितलं होतं आणि ते दुसऱ्या सभासदाकडे होतं. ते परत येताच नेहमीचा संदेश गेला : ‘आपण मागितलेलं पुस्तक उपलब्ध आहे. आठ दिवस राखून ठेवत आहोत.’ घरात कुणीही वाचला तरी चालेल असा, आणि खरा.

आठवडा संपायच्या आत ते आले. पुस्तक घेतलं. मग म्हणाले, “मेहुण्याचा फोन आला होता. म्हटलं, सभासद आहे मी तिथे.”

“आहातच,” बाई म्हणाल्या आणि कार्डावर शिक्का मारला.

त्यानंतर फ्लेक्स उतरला. वाचकांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, असा ठराव झाला आणि तो इतिवृत्तात आहे. टेबल आत, देवघेवीच्या काउंटरशेजारी गेलं. आता त्यावर छोटी पाटी असते : ‘अर्ज भरायला मदत. मंगळवार, शुक्रवार, दुपारी २ ते ४.’ अर्ज कुणाला भरायचा नसतो? नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनर येतात, जूनमध्ये प्रवेशासाठी पालक, वर्षभर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कुणी ना कुणी. त्यांच्यात नोकरी शोधणारेही येऊन बसतात आणि कोण कशासाठी आलंय हे समोरच्याला कळत नाही. नोंदवहीतला ‘येण्याचं कारण’ हा रकानाही काढून टाकला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातून दुसऱ्या वाचनालयाने उचलण्यासारखं काही असेल तर हे टेबल. त्याला खर्च येत नाही. फ्लेक्सला येतो.

जे करायचं नाही ते

मार्चमध्ये लेखापरीक्षणाची घाई असते. एका सदस्यांनी सुचवलं की हे गृहस्थ हिशेबातले आहेत, बसलेलेच असतात, त्यांच्याकडून वह्या लिहून घेऊ. बाईंनी विरोध केला. काम नसलेल्या माणसाकडून फुकट काम करून घेणं ही मदत नाही, ती संधी साधणं आहे. शेवटी ठरलेला मोबदला देऊन, पावती घेऊन ते काम त्यांना दिलं आणि नंतर तसं पत्रही दिलं. बायोडाटामध्ये राजीनाम्यानंतरची रिकामी जागा त्या पत्राने थोडी भरली.

बायोडाटा तयार करताना त्यांचं अडलं ते इंग्रजीपाशी. एकोणीस वर्षांत काय केलं हे विचारल्यावर ‘बिलिंग’ एवढाच शब्द. अभ्यासिकेतल्या एका मुलीने उलटं केलं. तुमचा कामाचा एक दिवस मराठीत सांगा म्हणाली आणि टाइप करत गेली. रोज किती बिलं, किती गाड्या, ई-वे बिल कोण काढायचं, माल परत आला तर काय. दोन पानं झाली. मग त्याचं एक पान केलं, वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती काढून टाकली आणि इंग्रजी शेवटी केलं.

फसवणुकीचा धोकाही इथे लिहायला हवा. घरबसल्या पॅकिंगचं काम, विमानतळावर ग्राउंड स्टाफ, नोंदणीचे अमुक रुपये भरा, असे संदेश नोकरी शोधणाऱ्याच्या फोनवर रोज येतात. यांनाही आले होते. पैसे गेल्यावर माणूस कुणाला सांगत नाही, कारण नोकरी गेल्याचंच सांगितलेलं नसतं. खालच्या झेरॉक्सवाल्याच्या काउंटरवर बाईंनी एक कागद चिकटवलाय : नोकरी देणारा पैसे मागत नाही, केंद्र सरकारचं एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस) आणि राज्याचं महास्वयम ही नोकरी शोधण्याची दोन्ही पोर्टलं उमेदवाराला फुकट आहेत, आणि पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन. झेरॉक्सच्या दुकानात का? पैसे भरण्याआधी माणूस कागदपत्रांच्या प्रती काढायला तिथेच थांबतो.

आणि बाई समुपदेशक नाहीत. एखादा वाचक फारच खचलेला दिसला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक एका छोट्या चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवून द्यायचा, इतपतच त्यांनी स्वतःकडे घेतलंय. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००९ मध्ये पूर्णवेळ समाजसेवक नेमला. आपल्याकडे शासनमान्य वाचनालयांच्या अनुदानात २०१२ नंतरची पुढची वाढ व्हायला दहा वर्षं लागली आणि कर्मचारी वेतनश्रेणी मागून थकले. समोरच्याने जी नोकरी गमावली तिचा पगार बाईंच्या पगारापेक्षा जास्त होता, हे सांगितलं पाहिजे. जिच्याकडून आपण इतक्या समजुतीची अपेक्षा करतो तिच्या महिन्याच्या हिशेबाकडे मंडळाने एकदा तरी बघावं.

सध्याची स्थिती

गृहस्थांना नोकरी लागली. वडाळ्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे, आधीपेक्षा कमी पगारावर. ती वाचनालयामुळे लागली नाही. जुन्या ऑफिसातल्या ड्रायव्हरने नाव सुचवलं होतं. नोकऱ्या बहुतेकदा अशाच, ओळखीतून लागतात, आणि वाचनालयाने स्वतःच्या नावावर ती मांडू नये. ग्रॅच्युइटी मिळाली, दोन पत्रं आणि कामगार भवनाची एक फेरी झाल्यावर. घरी त्यांनी काय आणि कधी सांगितलं हे कुणी विचारलेलं नाही.

अभ्यासिकेचा विद्यार्थ्यांपुरता नियम रद्द झालाय. वृत्तपत्र विभाग दुपारी उघडा ठेवण्यासाठी अर्धवेळ माणूस लागतो. त्याचा पगार सध्या तीन सभासदांच्या देणगीतून निघतो आणि ती मार्चपर्यंत पुरेल. पुढचं वार्षिक सभेत ठरायचं आहे. वर्गणी दहा रुपयांनी वाढवावी असा प्रस्ताव आहे, त्याला विरोधही आहे.

बायका अजून फार कमी येतात. वृत्तपत्र विभागात तर नाहीतच, तिथे पुरुषच बसतात. ज्या आल्या त्या मुलांची पुस्तकं बदलायला आल्या असताना बालविभागाच्या काउंटरवर हळूच विचारून गेल्या : बारा वर्षांनी पुन्हा नोकरी करायची तर सुरुवात कुठून करायची, लग्नानंतर नाव बदललंय तर गुणपत्रिका चालेल का. त्यातल्या एकीचा थकलेला पगार निघायचा होता. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळतो, हे तिला तिथे पहिल्यांदा कळलं. म्हणून तारीख घातलेल्या त्या कागदाचा एक गठ्ठा आता बालविभागातही असतो, आणि शनिवारी दुपारी तिथे बसायला बाईंना एक सहायक हवी आहे. तिच्या मानधनाचा विषय त्याच सभेच्या पत्रिकेवर आहे.